नाव गळून पडलेलं वादळ : २७ सप्टेंबर २०२१ आणि मांजराकाठ



२०२३ साली एकदा पारावर बसलो होतो. त्या वर्षीचा ऑगस्ट कसा गेला ते तुम्हाला सांगायची गरज नाही. हवामान खात्यानं सांगितलं की १९०१ पासूनच्या नोंदीत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्याकडं सोयाबीनच्या शेंगा चपट्याच राहिल्या. तर गप्पात एक जण म्हणाला, "तिकडं बंगालच्या समुद्रात एखादं वादळ उठावं आन् कमजोर होऊन आपल्याकडं यावं. वारा तिकडंच राहील, पाऊस आपल्याला मिळंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. घरी आल्यावर २०२१ ची डायरी काढली. दहावीनंतर शाळा सुटली, पण डायरी लिहायची सवय काही सुटली नाही. त्या डायरीत २६ सप्टेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, "गुलाब वादळ कमजोर. काळजी नाही."

त्या दोन शब्दांची किंमत मी पुढच्या दोन दिवसांत मोजली. म्हणून आज जरा इतिहास लिहितो. लांबेल, पण वाचा.

आधी त्या वर्षीची परिस्थिती. त्या साली जुलै-ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला १०,००० च्या वर गेलं होतं. बी पण लई महाग घेतलं होतं. मग केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि सप्टेंबरात भाव खाली यायला लागला. त्यामुळं ज्याचं आधी पिवळं पडलं त्यानं आधी कापलं, चार पैसे तरी हातात यावेत म्हणून. माझं खाल्लं रान तीन एकर, मांजरा नदीच्या बाजूला, धरणाच्या खालच्या अंगाला. तिथं जेएस ३३५ होतं, ९५-१०० दिवसांचं. वरल्या रानात दोन एकर फुले संगम, ते अजून पिवळसर-हिरवं. खालचं उक्तं दिलं, कापून झालं, तीन दिवस वाळलं. रविवारी, २६ तारखेला, बनीम घातली आणि वर ताडपत्री ओढली. मळणीयंत्रवाला म्हणाला, सोमवारी भारत बंद आहे, मंगळवारी येतो.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर गुलाबची बातमी. वादळ आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमच्या जवळ जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटर, झोत ९५ पर्यंत. श्रीकाकुलमकडची पडलेली झाडं दाखवली, विशाखापट्टणमच्या रस्त्यावरचं पाणी दाखवलं. सोमवारी सकाळी बातमी आली की ते कमजोर होऊन आता नुसता कमी दाबाचा तीव्र पट्टा राहिला आहे. दुपारपर्यंत बातम्यांतून गुलाबचं नावच गेलं.

घरच्या मंडळी म्हणाल्या, "आवो, बनीम वरल्या रानात न्या की. आभाळ बघा कसं यायलंय." मी म्हणालो, वादळ संपलं, आता काय. खरी गोष्ट अशी की ट्रॅक्टर सांगायचा, चार माणसं बोलवायची, पुन्हा दोन हजार जायचे, हे माझ्या जीवावर आलं होतं. बातमीनं मला निमित्त दिलं.

आता ही "कमजोर" ची भानगड काय आहे ते बघा. हे मला त्या सालानंतर कळलं, आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्याला इंग्रजीत सायक्लोन म्हणतात. हा शब्द आपल्याच देशात, कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन नावाचा गृहस्थ होता, आधी जहाजावर काम केलेला, नंतर कलकत्त्यात दर्यावर्दी लोकांच्या न्यायालयाचा अध्यक्ष. १८४० च्या दशकात त्यानं बुडालेल्या आणि वाचलेल्या जहाजांच्या नोंदवह्या जमा केल्या, कुठल्या तारखेला कुठल्या जहाजाला कुठून वारा लागला ते कागदावर मांडलं, आणि त्याला दिसलं की वारा गोल फिरतो, सापाच्या वेटोळ्यासारखा. ग्रीक भाषेतल्या वेटोळ्याच्या शब्दावरून त्यानं नाव दिलं. त्यानं पुस्तकही लिहिलं ते खलाशांसाठी.

मग ५ ऑक्टोबर १८६४ ला कलकत्त्यावर मोठं वादळ आलं. हुगळी नदीतून समुद्राचं पाणी शहरात घुसलं, हजारो माणसं मेली, बंदरातली जहाजं एकमेकांवर चढली. त्यानंतर १८६५ ला कलकत्ता बंदरासाठी इशारे द्यायची व्यवस्था सुरू झाली. पुढं १८६६ ला आणि १८७१ ला पाऊस फसला, दुष्काळ पडले, आणि १८७५ ला भारताचं हवामान खातं उभं राहिलं. शेतकऱ्यांसाठी वेगळी हवामान वार्ता आकाशवाणीवरून सुरू व्हायला १९४५ साल उजाडलं. म्हणजे बंदराला इशारा मिळाला आणि शेताला मिळाला यात ८० वर्षांचं अंतर आहे.

मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. त्या काळी जहाज बुडालं तर साहेबाचं नुकसान व्हायचं, त्यानं आधी त्याची सोय केली. पण त्यामुळं झालं काय, की वादळ मोजायची फूटपट्टी खलाशाची राहिली. खलाशाला पावसाचं काय सोयरसुतक? त्याला भीती वाऱ्याची आणि लाटेची. आजही आपल्या खात्याची वर्गवारी वाऱ्यावरच आहे. मध्याभोवतीचा वारा ताशी साधारण ३१ किलोमीटरच्या वर गेला की डिप्रेशन, ५० च्या वर गेला की डीप डिप्रेशन, ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ आणि तेव्हाच त्याला नाव मिळतं. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र. उतरताना याच पायऱ्या उलट्या. या पायऱ्यांत कुठंही पावसाचा मिलिमीटर नाही. पावसाची पट्टी वेगळी आहे : २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर जोरदार, ११५.६ च्या वर अति जोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. खातं दोन्ही सांगतं. २७ तारखेला मराठवाड्यासाठी जोरदार पावसाचा इशारा होताच, तो मी नंतर शोधून वाचला. पण आपण ऐकतो काय, तर "वादळ कमजोर झालं".

कमजोर होतं म्हणजे नेमकं काय होतं? वादळाचं इंधन म्हणजे गरम समुद्रावरची वाफ. जमिनीवर आलं की ती खालून मिळायची बंद होते, आणि झाडं, डोंगर, घरं यांना वारा घासतो. मधला खोल दाब हळूहळू भरून येतो, म्हणून वारा मंदावतो. पण जी वाफ त्यानं समुद्रावरून उचलून वर नेलेली असते ती जाणार कुठं? ती पाऊस होऊन खाली येतेच. उलट वेटोळं सैल पडल्यावर ढग जास्त मुलखावर पसरतात. त्यात सप्टेंबर अखेरीला आपली जमीन ओलीगच्च असते, तळी भरलेली असतात, त्यामुळं खालूनही थोडी वाफ मिळत राहते, आणि अरबी समुद्राकडून मोसमी वारा चालूच असतो, तोही वाफ आणून घालतो. गुलाबचं नाव गळालं तरी हा सगळा कारखाना छत्तीसगड-तेलंगणावरून पश्चिमेला चालतच राहिला, आणि २७ च्या रात्री आमच्या डोक्यावर आला.

आधी वाऱ्याचं सांगतो, कारण माझी पहिली चूक तिथं झाली.

आमच्याकडं पावसाळाभर वारा येतो मावळतीकडून, नैर्ऋत्येकडून. म्हणून ताडपत्रीवर मोठे दगड मी त्या बाजूला ठेवले होते, उत्तरेच्या बाजूला दोन-चार ढेकळं आणि एक लाकडाचा ओंडका. सोमवारी दिवे लागायच्या सुमाराला वारा सुरू झाला तो उत्तरेकडून. मला आश्चर्य वाटलं, पण अर्थ कळला नाही. किनाऱ्यासारखा तो काही ९५ चा वारा नव्हता. पण असे झोत यायचे की पत्र्याच्या शेडचा एक पत्रा खिळ्यासकट उचकटला आणि शेजारच्या आण्णांचा ऊस रात्रीत आडवा झाला. ताडपत्रीत उत्तरेकडून हवा शिरली, ती शिडासारखी फुगली आणि गेली. दुसऱ्या दिवशी बाभळीला अडकलेली सापडली, फाटून चिंध्या झालेली. मध्यरात्रीनंतर वारा फिरून मावळतीचा झाला, तोपर्यंत उडायला काही राहिलं नव्हतं.

याचा अर्थ नंतर वाचनात आला. १८५७ साली बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञानं एक साधा नियम मांडला. आपल्या अर्ध्या पृथ्वीवर, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला, वाऱ्याकडं पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाची जागा आपल्या डाव्या हाताला असते. जमिनीवर थोडं मागंपुढं होतं, पण अंदाज चुकत नाही. उत्तरेच्या वाऱ्याला पाठ केली तर तोंड दक्षिणेला, डावा हात पूर्वेला. म्हणजे सोमवारी संध्याकाळी ते "संपलेलं" वादळ आमच्या पूर्वेला होतं आणि आमच्याकडं यायलं होतं. मावळतीचा वारा सुरू झाला तेव्हा ते आमच्या उत्तरेला, विदर्भाच्या अंगाला सरकलं होतं. मोबाईल नसला तरी एवढं माणूस बांधावर उभं राहून ओळखू शकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात अचानक उत्तरेचा झोताचा वारा आणि सोबत दाट आभाळ दिसलं, तर तो परतीचा साधा पाऊस समजू नका.

कारण आपली सवय तीच आहे. हस्त लागला, हत्तीचा पाऊस पडायलाय, असं आपण म्हणतो. २७ सप्टेंबरला हस्त नक्षत्र लागतंच. त्यामुळं गावात कुणालाच वेगळं काही वाटलं नाही.

एक वर्ष आधीचंच बघा ना. ऑक्टोबर २०२० ला काय झालं होतं आठवतं? बंगालच्या उपसागरातून एक डीप डिप्रेशन १३ ऑक्टोबरला सकाळी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं. वारा चक्रीवादळाच्या उंबरठ्यावरच राहिला, म्हणून त्याला नाव मिळालं नाही. ते तेलंगणात आलं, त्या रात्री हैदराबाद बुडालं. १४ तारखेला ते अजून कमजोर झालं आणि सोलापूर, पंढरपूर, उस्मानाबादवरून गेलं. पंढरपुरात चंद्रभागेच्या कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण गेले. परंडा, उमरगा, लोहारा भागात माती खरवडून गेली, काढलेलं सोयाबीन पाण्यावर तरंगत गेलं. त्या वर्षी राज्यानं १०,००० कोटींची मदत जाहीर केली. त्याच वर्षी ३ जूनला कोकणात निसर्ग वादळ आलं होतं. अलिबागच्या दक्षिणेला ११०-१२० च्या वाऱ्यानं आलेलं, नारळी-पोफळीच्या बागा मुळासकट पाडणारं. त्याची याद कोकणातला माणूस जन्मभर काढील, आणि आमच्याकडच्या पोरालाही "निसर्ग" म्हटलं की कळतं. पण १४ ऑक्टोबरच्या त्या बिननावाच्या पावसाला आज कुणी काय म्हणतं? "ते वीस सालचं अतिवृष्टीचं" असं म्हणतात. ते समुद्रातून आलं होतं, दोन दिवस आधी दिसत होतं, हे लोकांच्या लक्षातही नाही. नाव नसलं की आठवण कशाला बांधून ठेवायची?

नावांची गंमत म्हणून सांगतो. आपल्या बाजूच्या समुद्रांतल्या वादळांना २००४ पासून नावं द्यायला लागले. हल्लीची यादी १३ देशांनी मिळून दिलेली आहे, २०२० ला ती नव्यानं आली. निसर्ग हे नाव बांगलादेशचं. गुलाब पाकिस्ताननं दिलेलं.

असो. २७ च्या रात्रीकडं येतो.

रात्री अकराच्या पुढं पाऊस असा लागला की पत्र्याखाली एकमेकाचं बोलणं ऐकू येईना. लाईट गेलीच होती. माझ्याकडं घरी पाऊस मोजायचं प्लास्टिकचं मापक आहे, १०० मिमीचं. मंगळवारी सकाळी साडेआठला बघितलं तर भरून सांडलेलं होतं. त्यामुळं नेमका किती पडला हे माझ्या डायरीत नाही, नुसती "भरून सांडलं" अशी नोंद आहे. आता मोठं घेतलंय. एक लक्षात ठेवा, सरकारी नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी असते. २७ च्या रात्रीचा पाऊस कागदावर २८ च्या तारखेला दिसतो. पंचनाम्यात तारीख सांगताना यात गोंधळ होतो, माझाही झाला.

पण मला बुडवलं ते नुसत्या माझ्या रानात पडलेल्या पावसानं नाही. मांजरा उगम पावते पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरात. केजपासून कळंबपर्यंतचा सगळा उतार तिच्यात पाणी घालतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातही मोठा पाऊस झाला होता, त्यामुळं जमीन पोटभर प्यालेली होती आणि धनेगावचं मांजरा धरण भरत आलं होतं. २२४ दशलक्ष घनमीटरचं हे धरण. लातूर शहर त्याच्यावर जगतं. याच धरणात पाणी नाही म्हणून एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची, बघायला स्टेशनवर गर्दी झालेली. त्या उन्हाळ्यात मी याच नदीच्या पात्रातून मोटारसायकल चालवत पलीकडं गेलो आहे. आणि २८ सप्टेंबर २०२१ ला त्या धरणाचे १८ च्या १८ दरवाजे उघडावे लागले. माजलगावचेही उघडले. कळंब तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं उचललं. विदर्भात उमरखेडजवळ पुलावरून पाणी असताना एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. हे सगळं वादळ "संपल्या"च्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

मंगळवारी उजाडताना मी रानाकडं गेलो तर मला रान दिसलंच नाही. नदी बांधापासून दीडशे पावलं आत आली होती. बनीम आधी जागेवर होती, कडेनं पाणी चढत होतं. आम्ही तिघं कमरेएवढ्या पाण्यात शिरलो, काही पेंढ्या ओढल्या, वर टाकल्या. मग आण्णांनी हाक मारली, "बाहेर ये रे, जीव द्यायलास काय सोयाबीनपायी?" बाहेर आलो. साधारण अकराच्या सुमाराला बनीम उचलली गेली. वाहून जाताना ती मोडली नाही, अख्खीच्या अख्खी, एखादा नंदीबैल चालावा तशी डुलत गेली, आणि पुढं वळणावर बाभळीत शिरून फुटली. घरच्या मंडळी बांधावर उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आजपर्यंतही त्यावरून एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागतं.

वरल्या रानातलं फुले संगम उभं होतं. चार दिवस घोट्याएवढं पाणी राहिलं. मी चर काढून पाणी खाली सोडलं. खालच्या शेंगा काळ्या पडल्या, काहींना झाडावरच मोड आले, पण दोन एकरात नऊ क्विंटल दागी का होईना माल निघाला. कापून ठेवलेलं गेलं आणि उभं राहिलेलं काही अंशी वाचलं, हे माझ्या रानातलं. उलटंही होतं. २०२० ला आमच्याच शिवारात उभं असलेलं लोळलं आणि घरात आणलेलं वाचलं. म्हणून मी "कापू नका" असं सांगत नाही. कापलं तर त्याच दिवशी उंचावर न्या, एवढंच म्हणतो. बनीमीच्या खाली दगड-लाकडाचा ओटा करा आणि ताडपत्री चारी बाजूंनी दोरीनं बांधा, दगडाच्या भरवशावर राहू नका. दोरी तेव्हा शंभर रुपयाची यायची. भिजलेलं असेल तर ढीग करू नका, आत उब धरून दोन दिवसात मोड येतात. पातळ पसरा, दिवसातून दोनदा पलटा, आणि ते दाणे बियाण्याला मुळीच ठेवू नका.

आडव्या पडलेल्या उसाचं आण्णांनी काय केलं ते विचारतील काही जण. त्यांनी काहीच केलं नाही, उभं करायच्या फंदात पडले नाहीत. पाणी काढून दिलं, एवढंच. डोळे फुटले, वजन घटलं, तोडीला टोळीनं जास्तीचे पैसे मागितले.

आता विम्याचं. कंपनीचं नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. नियम असा होता की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं. आमची लाईट दोन दिवस नाही, मोबाईल बंद, पुलावर पाणी. तिसऱ्या दिवशी पोरानं टेकडीवर जाऊन रेंज पकडली आणि तक्रार टाकली. पंधरा दिवसांनी एक तरुण मुलगा पाहणीला आला. बिचारा चांगला होता, पण त्याच्या हातात तक्ता होता. काढणीनंतरच्या नुकसानीला त्या वर्षी भरपाई होती, १४ दिवसांपर्यंत, पण पीक कापून रानात वाळत पसरलेलं पाहिजे होतं किंवा छोट्या पेंढ्या बांधलेल्या पाहिजे होत्या. त्यानं विचारलं, "काका, पसरलेलं होतं का बनीम होती?" मी खरं सांगितलं, बनीम होती. मग तो म्हणाला, "कारण काय लिहू? चक्रीवादळाचा पाऊस लिहायचा तर चक्रीवादळ आंध्रात संपलंय, इथं नुसता पाऊस झाला."

मंडळी, मला तेव्हा बाइज बॅलट माहीत नव्हता, पिडिंग्टनही माहीत नव्हता. नाहीतर त्या पोराला बांधावर उभं करून सांगितलं असतं की हे तेच आहे, त्याचं नाव काढून घेतलं म्हणून ते दुसरं होत नाही. योजनेच्या नियमात तेव्हा चक्रीवादळ आणि चक्रीवादळामुळं आलेला पाऊस असे दोन्ही शब्द होते, ज्यानं लिहिलं त्याला हे कळलेलं होतं. पण माझा खालच्या रानाचा दावा बनीमीवरच बसला. वरच्या दोन एकराचे थोडे आले. पुढं १३ ऑक्टोबरला सरकारनं मदत जाहीर केली, पुन्हा १०,००० कोटी, ५५ लाख हेक्टरांवरच्या नुकसानीसाठी. जिरायतीला हेक्टरी १०,०००, बागायतीला १५,०००, बहुवार्षिक पिकांना २५,०००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ते खात्यावर आले, खोटं कशाला बोलू. बियाणं-खताची उधारी त्यात फिटली, काढणीची फिटली नाही.

कृषी सहायक साहेब हे पान वाचतात म्हणून एक विनंती. ग्रुपवर इशारा टाकताना वादळाची पायरी टाकू नका, किंवा टाकली तरी खाली ठळक लिहा की आपल्या मंडळात पुढच्या दोन दिवसांत पाऊस किती आणि वारा कुठून. आमच्या शेतकऱ्याला "डिप्रेशन" कळत नाही, "१५० मिलिमीटर, रात्री, आधी उत्तरेचा वारा" हे कळतं.

शेवटचं एक सांगतो. त्या आठवड्यात मी रस्त्यावर वाचवलेलं भिजकं सोयाबीन पसरून बसलेलो. ३ ऑक्टोबर, रविवार. आमच्या भावकीतला एक पोरगा ओमानला मस्कतकडं कामाला आहे. त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, इकडं मोठं वादळ यायलंय, शाहीन म्हणतात त्याला. कंपनीनं सुट्टी दिलीय, रस्ते बंद केलेत." मी म्हणालो, वाळवंटात कसलं वादळ? नंतर बातम्यांत सविस्तर आलं. आमच्या डोक्यावरून गेलेला तोच कमी दाब गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, तिथं गरम पाणी मिळालं, ३० सप्टेंबरला पुन्हा जोर धरला आणि १ ऑक्टोबरला चक्रीवादळ झाला. जुनं नाव चालत नव्हतं म्हणून नवीन दिलं, कतारनं सुचवलेलं. ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर असं वादळ १८९० नंतर आलं नव्हतं म्हणतात. ज्या गावांत वर्षाला बोटं मोजण्याइतका पाऊस पडतो तिथं खबुरा गावाला ३६९ मिमी पाऊस झाला.

पोरानं विचारलं, "तुमच्याकडं पाऊसपाणी कसं आहे काका?"

मी त्याला म्हणालो, "तुझ्याकडं आलंय ना, ते आमच्याकडूनच आलंय. आमची बनीम घेऊन गेलंय. दोन-तीन दिवस खालच्या मजल्यावर झोपू नको." तो हसला. मग विचारलं, "किती गेलं?" मी आकडा सांगितला नाही. रस्त्यावरून ट्रॅक्टर यायला होता, फोन ठेवला आणि सोयाबीन कडेला ओढायला लागलो.